एक की अनेक? पट्टकृमी, जेलीफिश आणि ‘स्ट्रॉबिला’ या शब्दाचा इतिहास

(देऊळगाव राजा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस पोटातल्या जंतांवर आणि समुद्रातल्या जेलीफिशवर काय बोलणार? खरं आहे. औषध सांगायला मी डॉक्टर नाही, चिरफाड करून दाखवायला प्राणिशास्त्रज्ञही नाही. माझा संबंध एका प्रश्नापुरता आहे. समोर जे दिसतंय ते एक आहे की अनेक, हे ठरवायचं कसं? हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न. पण एका लांब, पांढऱ्या किड्यावरून आणि पाण्यातल्या एका पारदर्शक जीवावरून हाच प्रश्न युरोपात दीडशेहून अधिक वर्षं गाजत राहिला. त्या वादात एक उपमा पुढे आली. ती उपमा शेवटी टिकली नाही, पण तिच्या काळात माणसाच्या आजाराबद्दलचं फार मोलाचं ज्ञान हाती लागलं. ती हकीकत आज सांगायची आहे. तिचे धागे आपल्या सातारच्या नद्यांपर्यंत आणि पैठणच्या गोदावरीपर्यंत येतात, म्हणून ती आपलीही आहे.

पोटातली पट्टी

पट्टकृमी हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला शब्द. डॉक्टर त्याला टेपवर्म म्हणतात. माणसाच्या आतड्यात राहणारे याचे दोन मोठे प्रकार आहेत. एक डुकराच्या मांसातून येतो, टेनिया सोलियम. दुसरा गाई-बैलांच्या मांसातून, टेनिया सॅजिनाटा. लांबी मीटरमध्ये मोजावी लागते. दोन-तीन मीटर तर सहज, काही त्याहून बरेच लांब. एका टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं शीर्ष. त्याला चार चोषकं, आणि डुकराच्या पट्टकृमीला वर आकड्यांचं कडंही असतं. शीर्षाने तो आतड्याला धरून बसतो. त्यामागे बारीक मान आणि मानेमागे सुरू होते ती खंडांची रांग. सोलियममध्ये साधारण हजार खंड, सॅजिनाटामध्ये हजार ते दोन हजार. तोंड नाही, पोट नाही. सगळं अन्न कातडीतून शोषायचं.

आता या खंडांची रचना नीट लक्षात घ्या, कारण सगळा वाद तिच्यावर उभा आहे. नवा खंड मानेपाशी तयार होतो आणि आधीच्या खंडांना मागे ढकलतो. म्हणजे मानेजवळचा खंड सगळ्यात लहान वयाचा आणि शेपटीचा खंड सगळ्यात म्हातारा. प्रत्येक पक्व खंडात नराचे अवयवही असतात आणि मादीचेही. शेवटचे खंड म्हणजे तर अंड्यांनी भरलेल्या पिशव्याच. सोलियमच्या एका खंडात सुमारे पन्नास हजार अंडी, सॅजिनाटाच्या खंडात लाखभर. हे खंड सुटतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. सॅजिनाटाचा सुटलेला खंड तर स्वतः सरपटतोही.

आता विचार करा. सूक्ष्मदर्शक नाही, आणि माणसाला बाहेर दिसतो तो सरपटणारा चपटा पांढरा तुकडा. तो त्याला काय समजेल? वेगळा किडाच. युरोपातल्या वैद्यांना हे तुकडे काकडीच्या बियांसारखे दिसले, म्हणून त्यांनी त्यांना तसंच नाव दिलं आणि स्वतंत्र जात मानली. लांब पट्टी हा एक रोग, बिया हा दुसरा.

आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात, कृमींचे वीस प्रकार मोजले आहेत. त्यांत कोणी गांडुळासारखे, कोणी दोऱ्यासारखे, कोणी रुंद चपट्या पट्ट्यासारखे पांढरे, असं वर्णन येतं. निरीक्षण बारीक आहे. त्याच अध्यायात उपचाराची तीन अंगं सांगितली आहेत. अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून किंवा शोधनाने बाहेर काढणं. प्रकृतिविघात, म्हणजे तो ज्या परिस्थितीत वाढतो ती मोडणं. आणि तिसरं, ज्या कारणांनी तो होतो त्यांपासून दूर राहणं. हे तिसरं अंग ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. आपल्या घरगुती औषधांत वावडिंग, पळसपापडी, कपिला, डाळिंबाच्या मुळाची साल ही पहिल्या दोन अंगांची साधनं. तिसऱ्या अंगासाठी आधी कारण कळायला हवं, आणि पट्टकृमीचं कारण कळायला १८५० नंतरची वर्षं उजाडावी लागली.

डोकं सापडलं, तरी वाद मिटला नाही

१६८३ मध्ये एडवर्ड टायसन या लंडनच्या वैद्याने पट्टकृमीचं शीर्ष ओळखून त्याचं वर्णन छापलं. १७०० मध्ये पॅरिसच्या निकोला आंद्रीने कृमींवर ग्रंथ लिहिला. त्याचं मत असं, की हा एकच लांब किडा आहे आणि माणसाच्या पोटात तो एकटाच राहतो. फ्रेंच बोलीत आजही पट्टकृमीला ‘एकाकी किडा’ म्हणतात. पण थोड्याच वर्षांत इटलीच्या वल्लिस्नेरीने उलट बाजू घेतली. त्याच्या मते काकडीच्या बियांसारखे हे किडे स्वतंत्रच आहेत, ते फक्त एकमेकांना धरून रांग करतात. आगगाडी आणि डबे! एकाच्या मते सबंध गाडी हा एक प्राणी, दुसऱ्याच्या मते प्रत्येक डबा हा एक प्राणी.

वस्तू दोघांसमोर तीच होती, आणि दोघेही डोळस होते. फरक होता तो ‘एक’ म्हणजे काय, या कल्पनेत.

नॉर्वेचा धर्मोपदेशक आणि चार नावांचा एक जीव

आता पोटातून निघून समुद्रावर जाऊ. मिकाएल सार्स, जन्म १८०५, नॉर्वेच्या बर्गेन गावचा. पुढे धर्मोपदेशक झाला, किनाऱ्यावरच्या गावांत राहिला, आणि उरलेला वेळ समुद्री जीव पाहण्यात घालवला. १८२९ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक छापलं. त्यात दोन नवे प्राणी होते. एक इवलासा, खडकाला चिकटलेला, वर तंतूंचं कडं असलेला पेल्यासारखा जीव. त्याला त्याने नाव दिलं स्किफिस्टोमा. दुसराही तसाच चिकटलेला, पण त्याच्या अंगावर आडव्या खाचा, जणू बशा एकावर एक रचल्या आहेत. तो त्याला पाइनच्या शंकूसारखा दिसला. ग्रीक भाषेत शंकूला स्ट्रॉबिलोस म्हणतात. म्हणून याचं नाव स्ट्रॉबिला. आपल्या विषयातला हा शब्द इथे जन्मला, एका स्वतंत्र प्राण्याचं नाव म्हणून.

सार्स मात्र तिथे थांबला नाही. तो त्याच जागी पुन्हापुन्हा पाहत राहिला. १८३५ पर्यंत त्याला दिसलं, की पेल्यासारखा स्किफिस्टोमाच काही काळाने आडव्या खाचांचा स्ट्रॉबिला होतो. मग त्या बशा एकेक करून सुटतात आणि पोहू लागतात. सुटलेली बशी आठ पाकळ्यांच्या ताऱ्यासारखी दिसते. असा छोटा जीव आधीच्या अभ्यासकांना ठाऊक होता आणि त्याला एफायरा हे वेगळं नाव मिळालेलं होतं. पुढच्या काही वर्षांत त्याने शेवटचा सांधा जोडला. एफायरा वाढून काय होतो? आपल्या ओळखीचा जेलीफिश. लिनियसने १७५८ मध्ये मेडुसा ऑरिटा म्हणून नोंदवलेला, आज ज्याला ऑरेलिया म्हणतात तो. १८४१ च्या लेखात हे सगळं चक्र स्पष्ट झालं. चार नावं, चार प्राणी, आणि निघालं एकच आयुष्य. सार्सने स्वतः दिलेल्या दोन जाती स्वतःच मोडीत काढल्या. एकोणिसाव्या शतकात नवी जात शोधणं म्हणजे कीर्ती, आणि हा माणूस आपली कीर्ती आपल्या हाताने वजा करत होता. मला तो त्यासाठी आवडतो.

हे घडतं कसं तेही पाहू. जेलीफिशच्या अंड्यातून सूक्ष्म अळी निघते, ती खडकावर बसते आणि पॉलिप होते. पॉलिप काही मिलिमीटरचा. तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि स्वतःसारखे पॉलिप बाजूला फुटवत राहतो. मग थंडीचा काळ पुरेसा लांबला, की त्याच्या वरच्या टोकापासून आडव्या खाचा पडायला लागतात. सगळ्यात वरची चकती आधी तयार होते आणि आधी सुटते. सुटण्याच्या आधीच प्रत्येक चकती आपली आपण फडफडू लागते. त्या घटकेला पाहणाऱ्याने सांगावं, की समोर एक प्राणी आहे की दहा!

पॉलिपला हिवाळा किती झाला हे कळतं कसं? २०१४ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी ऑरेलियात एका रेणूचा माग काढला. थंडीत तो हळूहळू साठत जातो आणि पुरेसा साठला की रूपांतराला इशारा मिळतो. म्हणजे पॉलिपच्या अंगात दिवस मोजणारं घड्याळच आहे. दोन-चार गार दिवसांनी तो फसत नाही.

दाई आणि पिढ्या

सार्सच्या आधीच एका माणसाने असंच काही पाहिलं होतं. आडेलबर्ट फॉन शामिसो, जर्मन कवी. १८१५ ते १८१८ या काळात तो एका रशियन जहाजावर निसर्गाभ्यासक म्हणून जग फिरला. समुद्रात तरंगणाऱ्या साल्पा नावाच्या जीवांत त्याला दिसलं, की एकटं राहणारं रूप साखळीत राहणाऱ्या रूपाला जन्म देतं आणि साखळीतलं रूप पुन्हा एकट्याला. म्हणजे लेक आईसारखी नाही, आजीसारखी. १८१९ मध्ये त्याने हे छापलं. अनेकांनी ही कवीची कल्पना म्हणून सोडून दिली.

१८४२ मध्ये डेन्मार्कच्या यापेटस स्टीनस्ट्रुपने हे सगळं एका सूत्रात बांधलं. शामिसोच्या साल्पा, सार्सचे जेलीफिश, आणि यकृतात राहणारे चपटे कृमी यांत एकच नियम आहे, असं त्याने मांडलं: पिढ्यांचा फेरपालट. मधल्या पिढीला त्याने नाव दिलं दाई. ती स्वतः अंडी घालत नाही, दुसऱ्या रूपाला वाढवते. त्याच पुस्तकात त्याने एक सूचना करून ठेवली. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारख्या पाण्याच्या पिशव्या सापडतात, ज्यांना स्वतंत्र कृमी मानलं जातं, त्या दुसऱ्याच कुठल्या प्राण्याच्या आयुष्यातली एक पायरी असाव्यात.

शब्दाचं स्थलांतर

आता बेल्जियममध्ये लूव्हेनला या. पीएर-जोसेफ व्हान बेनेडेन तिथे माशांच्या पोटातल्या पट्टकृमींचा अभ्यास करत होता. १८५० मध्ये त्याचा मोठा ग्रंथ आला. त्याने पट्टकृमी आणि जेलीफिश शेजारी ठेवले. पट्टकृमीचं शीर्ष म्हणजे खडकावरचा पॉलिप. खंडांची रांग म्हणजे सार्सचा स्ट्रॉबिला. सुटलेला खंड म्हणजे सुटलेला एफायरा, नव्हे, पूर्ण वाढलेला जेलीफिशच. अशा रीतीने समुद्रातला शब्द आतड्यात शिरला. आजही कोणत्याही पाठ्यपुस्तकात पट्टकृमीच्या खंडांच्या रांगेला स्ट्रॉबिलाच म्हणतात. या दृष्टीने पट्टकृमी ही वसाहत ठरली. एक घर, हजार बिऱ्हाडं.

ही उपमा इतकी मोहक का ठरली? साम्य खरोखरच आहे. दोन्हीकडे एक टोक चिकटलेलं, दुसरं मोकळं. दोन्हीकडे मोकळ्या टोकाचा तुकडा सगळ्यात पक्व, आणि तोच आधी सुटतो. दोन्हीकडे चिकटलेला भाग मागे राहतो आणि पुन्हा कामाला लागतो. जुने वैद्य औषध दिल्यावर विचारायचे, डोकं पडलं का? शीर्ष आणि मान आत राहिली, तर काही महिन्यांत रांग पुन्हा तयार व्हायची. साम्य नुसतं चित्रातलं नव्हतं, वैद्यांच्या रोजच्या अनुभवातलं होतं.

खुनी कैद्याचं जेवण

आता या वादात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. डुकराच्या मांसातल्या त्या पिशव्यांमध्ये पट्टकृमीसारखंच शीर्ष असतं, हे जर्मन धर्मोपदेशक गोएझे याने १७८० च्या दशकातच दाखवलं होतं. पण त्याचा अर्थ काय? फॉन सीबोल्टसारखा दबदब्याचा प्राणिशास्त्रज्ञ म्हणे, की हे वाट चुकलेले, सुजून बिघडलेले पट्टकृमी आहेत. त्साटाउ नव्हे, सॅक्सनीतल्या त्सिटाउ गावचा डॉक्टर फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर याला हे पटेना. त्याचं म्हणणं थोडं धार्मिक होतं. निसर्गात इतके जीव नुसते वाट चुकण्यासाठी कसे निर्माण होतील? त्यांना पुढे कुठे तरी जायचं असणार. १८५१ पासून त्याने सशातल्या पिशव्या कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि कुत्र्यांच्या आतड्यात पट्टकृमी वाढलेले दाखवले.

माणसाचं काय? १८५५ मध्ये त्याने एक प्रयोग जाहीर केला. फाशीची शिक्षा झालेल्या एका खुनी कैद्याला, शिक्षेच्या काही दिवस आधी, त्याच्या नकळत जेवणातून डुकराच्या मांसातल्या पिशव्या दिल्या गेल्या. शिक्षेनंतर शव उघडलं तेव्हा आतड्यात कोवळे पट्टकृमी चिकटलेले सापडले. पिशवी आणि पट्टी हे एकाच जीवाचे दोन काळ आहेत, हे सिद्ध झालं.

त्या काळीही या प्रयोगावर टीका झाली, आणि ती योग्य होती. मी नीतिशास्त्र शिकवलं आहे, म्हणून इथे थांबतो. तो मरणारच होता, हा बचाव पुरेसा नाही. मरणाऱ्या माणसालाही आपल्या पोटात काय जातंय हे विचारलं जाण्याचा हक्क असतो. या प्रयोगातून मिळालेलं ज्ञान आपण रोज वापरतो. वापरताना ते कसं मिळालं हे विसरू नये, एवढं तरी त्या माणसाचं देणं आहे.

आणि ज्ञान मोठं होतं. चक्र असं ठरलं. माणसाच्या शौचातून खंड आणि अंडी बाहेर पडतात. डुक्कर ती खातं, त्याच्या स्नायूंत पिशव्या होतात. कच्चं मांस माणूस खातो, पिशवीतलं शीर्ष आतड्याला चिकटतं. हे एकदा कळलं की चक्र कुठे तोडायचं तेही कळतं: मांस तपासा, नीट शिजवा, उघड्यावर शौच थांबवा. चरकाने सांगितलेलं तिसरं अंग, कारणापासून दूर राहणं, आता पट्टकृमीबाबत नेमकेपणाने शक्य झालं.

एक भयंकर वळणही आहे. सोलियमची अंडी डुकराऐवजी थेट माणसाच्या तोंडात गेली, दूषित हातातून किंवा न धुतलेल्या पालेभाजीतून, तर पिशव्या माणसाच्याच अंगात होतात. मेंदूत झाल्या तर झटके येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हा कृमी जिथे मुरलेला आहे, तिथे अपस्माराच्या सुमारे तीस टक्के रुग्णांच्या मुळाशी तो असतो. आपल्याकडे फेफरं आलं की कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, बाहेरचं काही लागलं म्हणतात. त्यातल्या काहींच्या मेंदूत एक छोटी पिशवी असते आणि तिच्यावर उपचार असतो.

उपमा मोडली, शब्द राहिला

मग पट्टकृमी खरोखर वसाहत आहे का? नाही, असं आज ठामपणे म्हणता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच शंका सुरू झाल्या होत्या. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की दोन खंडांच्या मध्ये आतून भिंतच नसते. मज्जातंतू शीर्षापासून शेपटीपर्यंत अखंड जातात. उत्सर्जनाच्या नळ्या अखंड जातात. बाहेर खाचा आहेत, आत सलग ऊती आहे. बिऱ्हाडं नाहीत, एकच लांब दालन आहे.

मला इथे आपला अवयव-अवयवी वाद आठवतो. बौद्ध पक्ष म्हणे, अवयवांच्या पलीकडे ‘अवयवी’ असं वेगळं काही नसतं, तो पुंज आहे आणि नाव आपण देतो. नैयायिक म्हणत, अवयवी खरा आहे. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी धारण आणि आकर्षण हा पुरावा येतो. एक भाग धरला की सबंध वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सबंध वस्तू येते. धान्याच्या राशीचं तसं होत नाही. ही कसोटी पट्टकृमीला लावा. ओढल्यावर तो येतो, म्हणून एक. पण जोराने ओढला की तुटतो, आणि शीर्ष राहिलं तर पुन्हा वाढतो! कसोटी चांगली आहे, एकटी पुरेशी नाही.

१८५२ मध्ये लंडनला टी. एच. हक्स्लीने प्राण्यांच्या व्यक्तित्वावर व्याख्यान दिलं आणि दुसरी कसोटी मांडली. एका अंड्यातून जे जे निघालं ते सगळं मिळून एक व्यक्ती. या हिशेबाने एक पॉलिप, त्याचे फुटवे, आणि त्या सगळ्यांतून सुटून समुद्रभर पांगलेले जेलीफिश, ही मिळून एक व्यक्ती. ऐकायला विचित्र वाटतं ना? पण आपल्या जालना भागातली मोसंबीची बाग बघा. जंबेरीच्या खुंटावर मातृवृक्षाचा डोळा भरतात. एका झाडाचे डोळे शंभर खुंटांवर. हक्स्लीला विचाराल तर वरची शंभर झाडं म्हणजे एकच झाड. बागवान मात्र शंभर मोजतो, आणि शंभरांना पाणी देतो.

तिसरी कसोटी, एकट्याने जगता येतं का? एफायरा सुटतो, खातो, वाढतो, जेलीफिश होऊन पिल्लं देतो. पट्टकृमीचा खंड सुटतो, थोडा सरपटतो, अंडी टाकतो आणि संपतो. त्याला पुढे आयुष्य नाही. म्हणजे जेलीफिशच्या स्ट्रॉबिलात नवे जीव तयार होतात, पट्टकृमीच्या स्ट्रॉबिलात एकाच जीवाचे जननेंद्रियांचे संच पुन्हापुन्हा तयार होतात. एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या घटना आहेत. त्यातही मागूर माशासारख्या माशांत राहणारा पट्टकृमींचा एक गट असा आहे, की त्यात खंडच नसतात. एकच शरीर, अवयवांचा एकच संच.

आपल्याकडच्या नोंदी

महाराष्ट्रात या इतिहासाची दोन पानं आहेत. पहिलं पान शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं. जन्म १८८४, मालवण. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांना सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. या जातकुळीतला जेलीफिश तोवर आफ्रिकेतला म्हणून माहीत होता, टांगानिका सरोवरातला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नेल्सन अॅनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचं नामकरण केलं: लिम्नोक्निडा इंडिका. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. त्यांचा हा नदीतला जीव स्ट्रॉबिला करत नाही. या गटात पॉलिपच्या अंगावर कळी येते आणि तीच सुटते. पण नावांचा घोळ इथेही चुकला नाही. याच्याच एका भाईबंदाचा जेलीफिश १८८० मध्ये लंडनच्या एका कमळाच्या हौदात सापडला आणि त्याला नाव मिळालं. काही वर्षांनी त्याचा पॉलिप अमेरिकेत सापडला, आणि त्याला वेगळा प्राणी समजून वेगळं नाव दिलं गेलं. सार्सची गोष्ट चाळीस वर्षांनी पुन्हा!

दुसरं पान आपल्या शेजारचं. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माशांच्या, पक्ष्यांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातले पट्टकृमी पद्धतशीर गोळा केले. वाम माशातल्या सेंगा या प्रजातीच्या जातींची नावंच बघा: गोदावरी, औरंगाबादेन्सिस, पैठणेन्सिस. आपल्या नदीचं आणि गावांचं नाव जगाच्या प्राणिसूचीत गेलं. तुटपुंज्या साधनांत, बाजारातून मासे आणून केलेलं हे काम आहे.

पुढचा भागही सांगायला हवा. २०११ मध्ये परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी मिळून मागूर माशातल्या त्या खंड नसलेल्या पट्टकृमींची फेरतपासणी प्रसिद्ध केली. भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या प्रदेशातून तोवर ५९ जाती नोंदल्या होत्या, त्यांतल्या मोठ्या भागाची नोंद भारतातली. टिकल्या फक्त ८. कारण साधं आहे. कृमी जिवंत असताना थंड द्रवात टाकला की आकसतो. आकसलेला आणि सैल पडलेला एकच कृमी दोन जातींसारखा दिसतो. कोवळा आणि म्हातारा वेगळे दिसतात. थोडेच नमुने हाताशी असले की प्रत्येक फरक म्हणजे नवी जात वाटते. यात कोणाला हसण्यासारखं काही नाही. सार्सलाही १८२९ मध्ये असंच वाटलं होतं. फरक इतकाच, की त्याला पुन्हा त्याच जागी जाऊन पाहायला दहा-बारा वर्षं मिळाली. आपल्या संशोधकाला किती मिळतात? नव्या नावाला श्रेय आहे, जुनं नाव तपासून मागे घेण्याला नाही. ही व्यवस्थेची अडचण आहे, आणि ती केवळ आपल्या देशाची नाही.

माझं सांगणं एवढंच. वसाहतीची उपमा मोडली, तरी तिने आणि स्टीनस्ट्रुपच्या सिद्धांताने अभ्यासकांना एक सवय लावली. समोरच्या जीवाला विचारायचं, याच्या आधी तू काय होतास आणि पुढे काय होणार आहेस? हा प्रश्न विचारला म्हणून पिशवी आणि पट्टी जोडली गेली, खडकावरचा पेला आणि समुद्रातला जेलीफिश जोडला गेला. नुसतं आजचं रूप पाहून मोजणी केली, की एकाचे चार होतात. आयुष्य पाहून केली, की हिशेब जुळतो.

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. आम्हाला हा धोका नाही ना?

आतड्यातला पट्टकृमी मांसातून येतो, त्यापासून तुम्ही सुरक्षित. पण मेंदूतल्या पिशव्या अंड्यांमुळे होतात, मांसामुळे नाही. अंडी दूषित हातावरून, पाण्यातून, कच्च्या भाजीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. मेथी, कोथिंबीर, गाजर, मुळा स्वच्छ पाण्याने नीट धुवा. स्वयंपाकाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा.

प्रश्न : शाळेत मुलांना जंताची गोळी देतात. ती यावर चालते का?

ती मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली आणि मुलांना गोळी जरूर द्यावी. पण ती मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोल जंतांसाठी आणि आकडेकृमींसाठी आहे. पट्टकृमीसाठी औषध वेगळं असतं आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं. मेंदूत पिशव्या असतील, तर मनाने घेतलेल्या औषधाने झटके वाढू शकतात.

प्रश्न : सर, मग शेवटी उत्तर काय? एक की अनेक?

पट्टकृमी एक. जेलीफिशचा स्ट्रॉबिला सुरुवातीला एक, शेवटी अनेक, आणि मधल्या काही दिवसांत दोन्ही. कोणत्या दिवशी तो एकाचा अनेक झाला, असं विचाराल तर तसा दिवस निसर्गाने ठरवलेला नाही. तो आपल्याला मोजणीसाठी लागतो. बागवानाने झाडं मोजायची ती पाण्यासाठी, हक्स्लीने मोजायची ती वंशासाठी. कशासाठी मोजतोय हे आधी सांगितलं, तर भांडण बरंच कमी होतं.